टोपी काय सांगते?

रायफलची झडलेली पितळी पुंगळी उजेडात धरून फिरवली, की कधी कधी बुडाच्या जरा वर, करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर, एक बारीक चकचकीत वळे दिसते. घरी काडतुसे भरणाऱ्या अमेरिकी छांदिष्टांना या वळ्याची मोठी धास्ती. वळे दिसले की पेपरक्लिप सरळ करायची, तिचे टोक काटकोनात वाकवायचे आणि पुंगळीत घालून आतल्या भिंतीवरून हळूहळू ओढायचे. वळ्याच्या जागी टोक खळग्यात अडखळले, तर पुंगळी थेट भंगारात. पितळ तिथे आतून खंगलेले असते. पुढच्या बाराला बूड तुटते, पुंगळीची उरलेली नळी चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसायच्या पोकळीत, अडकून बसते, आणि तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो.

झडलेल्या पुंगळीतली जुनी टोपी, म्हणजे पिनेच्या ठोक्याने पेटून दारू पेटवणारी बुडातली छोटी वाटी, काढायची, नवी बसवायची, दारू आणि गोळी पुन्हा भरायची, हा अमेरिकेतला जुना घरगुती उद्योग आहे. आपल्याकडे मात्र 1959च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रेसुद्धा या कायद्याने 'दारूगोळ्या'तच मोजली आहेत. तेव्हा हे वाचून कोणाचे हात शिवशिवायला नकोत. नेमबाज तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली, स्वप्निल कुसाळेने 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवले. या दोघा कोल्हापूरकरांची .22ची काडतुसे तर वेगळ्याच जातीची. त्यांत वेगळी टोपी नसते. स्फोटक मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते, आणि पिनेने कड एकदा चेपली की पुंगळीचे आयुष्य संपले.

मोठ्या रायफलचे दुखणे समजायचे तर हेडस्पेस समजून घ्यावा लागतो. चेंबर मागून बंद करणारा बोल्ट बंद झाल्यावर त्याच्या तोंडापासून, चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकून थांबते तिथपर्यंतचे अंतर म्हणजे हेडस्पेस. .30-06च्या काडतुसाला बाटलीसारखा खांदा असतो आणि ते त्या खांद्यावर टेकते. बंदूक दुरुस्त करणारा हे अंतर पोलादी गेजने तपासतो. 1.940 इंचाच्या 'गो' गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे, 1.946च्या 'नो-गो'वर होता कामा नये. 1.950च्या 'फील्ड' गेजवरही झाला, तर रायफल वापरातून बाहेर. चांगली आणि बाद यांतला सगळा फरक पाव मिलिमीटरचा.

एवढ्याशा फटीने काय बिघडते? पिन टोपीवर आदळते, त्या धक्क्याने काडतूस पुढे सरकून खांद्यावर टेकते आणि बुडामागे फट उरते. दारू पेटते. दाब प्रति चौरस इंच 60,000 पौंडांपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 4,000 पट चढू शकतो. पुंगळीच्या पातळ भिंती फुगून चेंबरला घट्ट चिकटतात. जाडजूड बूड चिकटत नाही. ते मागे बोल्टपर्यंत जाते आणि मधले पितळ ताणले जाते. ते चकचकीत वळे या ताणाचेच.

बुडाआधी मागे सरकते ती टोपी, आणि तिथेच भलेभले फसतात. दारू कमी असेल, तर ताणण्याइतका दाब नसल्याने बूड जागेवरच राहते आणि टोपी बाहेर डोकावते. दारू भरपूर असेल, तर टोपी आधी मागे येते, मागून बूड येऊन तिला पुन्हा खोबणीत दाबते. तेवढ्यात ती फुगलेली असल्याने कडेला पसरून चपटी होते. चपटी टोपी म्हणजे दाब जास्त, असे नवशिक्याने कुठेतरी वाचलेले असते. तो दारू कमी करतो. आता टोपी बाहेर येऊ लागते आणि गडी पुरता गोंधळतो. दोन्ही खुणा त्याच एका फटीच्या असू शकतात. म्हणून माझे मत असे, की टोपीकडे पाहून निदान करावे, पण वळे आणि मोजमाप यांचा दुजोरा मिळेपर्यंत तिच्यावर विश्वास टाकू नये.

गंमत अशी, की पुष्कळदा रायफल निर्दोष असते आणि फट भरणाऱ्यानेच पाडलेली असते. फुगलेली पुंगळी पूर्ववत करणारी डाय प्रेसमध्ये वाजवीपेक्षा जास्त खाली बसवली, की खांदा मागे जातो. गेज म्हणते सगळे ठीक. आखूड झालेले असते काडतूस. जाणकार आधी त्याच रायफलमधून झडलेल्या पुंगळीचा खांदा मोजतो आणि बोल्ट-रायफलसाठी तो इंचाच्या एक-दोन हजारांशांपलीकडे मागे जाऊ देत नाही.

चाप ओढला आणि नुसतेच 'टक' झाले, तर नळी निशाणाकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचे, कारण बार उशिरानेही उडतो. तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडाले, तर बहुधा टोपी खोबणीच्या तळापर्यंत बसलेली नव्हती. पहिला ठोका तिला बसवण्यातच खर्ची पडला. टोपीवरचा खड्डा उथळ असेल, तर कमकुवत स्प्रिंग, बोल्टमध्ये साकळलेले ग्रीस किंवा पुन्हा तोच हेडस्पेस. वर राहिलेली टोपी उलट बाजूनेही घात करते. गारँड रायफलची पिन मोकळी असते आणि काडतूस चढताना टोपीला हलका टिचका मारते. टोपी बाहेर किंवा फार नाजूक असली, तर बोल्टला कुलूप लागायच्या आत बार उडू शकतो.

ही टोपी ज्या कल्पनेतून आली ती एका पाद्र्याची. बदकांना चकमकीचा झोत आधी दिसतो आणि ती उडून जातात, याने वैतागलेल्या स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथने ठोक्याने पेटणाऱ्या मिश्रणाचे पेटंट 1807 साली घेतले. पुढे ब्रिटिश अधिकारी बॉक्सर आणि अमेरिकी कर्नल बर्डन यांनी 1866च्या सुमारास टोपीच्या दोन तऱ्हा काढल्या. बॉक्सरची रुजली अमेरिकेत आणि बर्डनची युरोपात, ब्रिटिश लष्करी काडतुसांतसुद्धा. बॉक्सरच्या तऱ्हेत पुंगळीला मधोमध एकच छिद्र असते, त्यामुळे आतून सुई दाबली की जुनी टोपी सुटते. बर्डनच्या तऱ्हेत बहुधा दोन बारीक छिद्रे बाजूला असतात आणि टोपी काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. घरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, त्यात या एका छिद्राचा वाटा मोठा आहे.

आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके दिसलेल्या थ्री नॉट थ्री रायफलचे काडतूस खांद्यावर नव्हे, बुडाच्या कडेवर टेकते. तिचा हेडस्पेस किमान .064 इंच, लष्करी मर्यादा .074. याच काडतुसाच्या ली-एनफील्ड नंबर 4 रायफलला बोल्टचे डोके स्क्रूने बसते आणि ते 0 ते 3 अशा वाढत्या लांबीच्या क्रमांकांत मिळे; फट वाढली की शस्त्रागारातला कारागीर पुढच्या क्रमांकाचे डोके बसवी. पण चिखल-मातीतही काडतूस चढावे म्हणून चेंबर पुढच्या बाजूला ऐसपैस ठेवलेले. लष्कराला त्याचे सुखदुःख नव्हते, कारण पुंगळी पुन्हा भरायची नव्हतीच. आज ही जुनी रायफल हौसेने चालवणाऱ्यांच्या पुंगळ्या मात्र गेज अचूक असूनही थोड्याच बारांत वळे दाखवू लागतात. त्यावरचा त्यांचा तोडगा साधा आहे. पूर्ण पुंगळी डायमध्ये न दाबता फक्त तिची मान आवळायची, म्हणजे चेंबरच्या मापाने फुगलेला खांदा तसाच राहतो आणि पुढच्या वेळी काडतूस कडेऐवजी त्या खांद्यावर टेकते. अट एकच: ते काडतूस मग त्याच रायफलमध्ये वापरायचे.