एवढं गेलोच आहोत तर

सकाळी ६:३०

पहिला चहा आणि कौबचा आकडा. कौब हे ऱ्हाइनकाठचं एवढंसं गाव, पण मध्य ऱ्हाइनवरची सगळी जहाजं तिथल्या पाणीपातळीकडे डोळे लावून असतात, कारण नदी तिथे सर्वांत उथळ. पट्टीवरचा आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे. पट्टी ७८ सेंटिमीटर दाखवते तेव्हा जहाजाच्या वाटेत साधारण १.९० मीटर पाणी असतं. २०१८ च्या ऑक्टोबरात हाच आकडा २५ वर आला होता. उलट तो ६४० च्या वर चढला की जहाजं बांधून ठेवतात. मी जिची जर्मनीची सहल आखतेय ती मंडळी सप्टेंबरात जाणार, त्यांना जूनमधल्या आकड्याचा काडीचा उपयोग नाही. तरी मी बघते. काही लोक सकाळी राशिभविष्य वाचतातच ना.

सकाळी ७:३०

ग्रुपवर रात्रभरात मेसेज साठलेत. नाशिकचं एक कुटुंब, ठाण्याचं एक, आणि पुण्याच्या मावशी व त्यांची भाची. मूळ मागणी सुरेख होती: मोठी शहरं नकोत, नद्यांच्या काठची गावं दाखवा, दहा दिवस. आता नाशिकच्या काकांनी त्यात कोलोनचं कॅथेड्रल, ब्लॅक फॉरेस्ट आणि नॉयश्वानस्टाइनचा किल्ला घातलाय. सोबत ते नेहमीचं वाक्य, "ताई, एवढं गेलोच आहोत तर..." हे वाक्य आलं की माझं जोडायचं काम संपतं आणि वजाबाकीचं सुरू होतं. उत्तर रात्री देईन. फोनवर एकेकाशी बोललं तर सगळे समंजस असतात, ग्रुपवर नसतात.

सकाळी ९:००

नकाशा उघडला. क्रम तसा नद्यांनीच लावून दिलाय: नेकार मानहाइमला ऱ्हाइनला मिळते, मोझेल कोब्लेंझला. म्हणून आधी हायडेलबर्ग, मग मध्य ऱ्हाइन, मग मोझेलवर कोखेम, आणि परत फ्रँकफर्ट. उलटसुलट जाणं नाही, सामान तीनदाच उघडायचं.

इथवर कुणीही येतं. खरी मेख पुढे आहे. माइन्झ ते कोब्लेंझ या पट्ट्यात ऱ्हाइनवर एकही पूल नाही. बिंगेन ते कोब्लेंझ या ६५ किलोमीटरच्या खोऱ्याला २००२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, किल्ल्यांची तर दोन्ही तीरांवर रांग आहे. पण या तीरावरून त्या तीरावर जायचं तर फेरीबोट, आणि कौबची फेरीबोट रात्री नसते. हॉटेल स्वस्त मिळालं म्हणून उजव्या तीरावर राहायचं आणि जेवायला समोरच्या गावात जाऊ म्हणायचं, हे कागदावरच जमतं. रेल्वे दोन्ही तीरांना आहे. प्रवासी गाड्यांची सोय डाव्या तीराला अधिक, आणि मालगाड्यांचा मारा उजव्या तीराला, तोही रात्रीचा.

मोझेलचं आणखी वेगळं. कोब्लेंझहून निघालेली गाडी कोखेमपर्यंत नदीला धरून असते. कोखेमनंतर ती ४.२ किलोमीटरच्या बोगद्यात शिरते आणि काही मिनिटांत पलीकडे निघते. मधल्या वळणाला नदीला वीसेक किलोमीटर लागतात. १८७९ साली या बोगद्यातून गाड्या धावू लागल्या आणि प्रवास सोपा झाला, पण त्या वळणातली गावं खिडकीतून दिसत नाहीत. पुढे बुलायनंतर तर रेल्वे नदीला सोडूनच देते. म्हणून फोटोत सगळ्यांना आवडलेलं बेर्नकास्टेल रेल्वेने गाठता येत नाही. विटलिखला उतरून बस. "ट्रियर आणि बेर्नकास्टेल एकाच दिवशी करू" हा ठाण्याच्या जावईबापूंचा बेत मी इथेच खोडला. ट्रियरचा पोर्टा निग्रा हा रोमन दरवाजा ठेवला, बेर्नकास्टेल गेलं. मला स्वतःला ते गाव ट्रियरपेक्षा आवडतं, पण प्लॅन माझा नाही.

दुपारी १२:३०

तिकडे नऊ वाजले. बाखराखच्या एका छोट्या हॉटेलात फोन लावला. मॅक्समुल्लर भवनात शिकलेलं जर्मन अशा फोनांसाठीच कामी येतं. अशी घरगुती हॉटेलं मेलला सावकाश उत्तर देतात, फोनवर लगेच बोलतात.

"नदीच्या बाजूच्या चार खोल्या मिळतील का?"

"मिळतील," मालकीणबाई म्हणाल्या, "पण नदी आणि आमच्यामध्ये रेल्वे आहे, हे माहीत आहे ना?"

माहीत होतं. त्या स्वतःहून सांगतात का, ते बघायचं होतं. मग मी लिफ्टचं विचारलं. इमारत जुनी, लाकडी चौकटीची, लिफ्ट नाही, जिना वळणाचा. सहा वाजता काउंटर बंद. उशीर झाला तर किल्ली दाराशेजारच्या पेटीत, पेटीचा नंबर त्या कळवणार. बाई इतक्या सरळ बोलल्या की तिथेच बुकिंग करावंसं वाटलं. पण नाशिकच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बोपार्ड धरलं. तिथे स्टेशन गावाच्या मागे आहे, त्यामुळे नदीकाठचा रस्ता मोकळा. शिवाय टेकडीवर जायला खुर्च्यांचा रोपवे, म्हणजे ऱ्हाइनचं मोठं वळण काकूंना बसल्या बसल्या दिसेल. समोरच्या तीरावरच्या मालगाड्या तिथेही ऐकू येतात. तसं प्लॅनमध्ये लिहून टाकलं.

तारखांचा घोळही निस्तरला. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ओबरवेझेलला आणि तिसऱ्या शनिवारी सांक्ट गोआरला नदीवर आतषबाजी असते, खोल्या वर्षभर आधी जातात. म्हणून शनिवार-रविवार हायडेलबर्गला आणि ऱ्हाइन सोमवारपासून. सोमवारी बरीच छोटी रेस्टॉरंटं बंद असतात. पहिल्या रात्रीचं जेवण हॉटेलातच सांगून ठेवलं.

जहाज बिंगेनहून घ्यायचं, बोपार्डकडे. सकाळी रेल्वेने वर जायचं आणि प्रवाहाबरोबर खाली यायचं. उलट दिशेने तेच किल्ले दिसतात, पण जहाजाला प्रवाह तोडत यावं लागतं आणि वेळ भरपूर जातो. लोरेलायचा १३२ मीटरचा कडा आला की बरेच जण "एवढंच?" म्हणतात, हेही सांगून ठेवायला हवं. नदीच्या मधोमध असलेला कौबचा जकातीचा किल्ला मात्र कुणाला निराश करत नाही.

दुपारी २:३०

खाण्याचा कागद. तिघे शाकाहारी. कांद्याचा त्स्वीबेलकूखेन नाव ऐकून त्यांना चालेलसा वाटतो, पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, फ्लामकूखेनचंही तेच. चालणाऱ्या गोष्टी: चीजचे श्पेट्झले, सफरचंदाच्या गराबरोबर बटाट्याचे पॅनकेक, सूप विचारून. जर्मन वाक्यं मोठ्या अक्षरात छापून देते. काका ते कार्ड वेटरपुढे धरतात आणि काम होतं.

दुपारी ४:००

मावशींचा फोन. त्या मराठीच्या निवृत्त प्राध्यापक, धनगरी ओव्यांवर काम केलेल्या. त्यांची एकच मागणी, तीही संकोचत: "हायडेलबर्गला सोन्थायमर शिकवत असत ती संस्था बाहेरून का होईना, बघता येईल का गं?" खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या मागे महाराष्ट्रभर हिंडलेले गुंथर सोन्थायमर तिथल्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्ये होते, १९९२ साली गेले. संस्था १९६२ ची. रविवारी ती बंद असणार, म्हणून सोमवारी सकाळचा वेळ काढला आणि बोपार्डची गाडी दुपारवर ढकलली. संस्थेला मेल टाकला. बाकीच्यांना तेवढ्या वेळात लोकलने नेकारच्या खोऱ्यात, चार किल्ल्यांच्या नेकारश्टाइनाखला जाऊन येता येईल. दिवसभरातली ही एकच भर मी आनंदाने घातली.

संध्याकाळी ५:३०

व्हिसाची कागदपत्रं. दिवसवार कार्यक्रम, तितक्याच रात्रींची हॉटेलं, ३०,००० युरोंचा विमा. तारखा जुळवल्या. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रात्री ८:००

नाशिकला व्हिडिओ कॉल. नॉयश्वानस्टाइन ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ, आपण पश्चिमेला. जाण्यात एक दिवस, येण्यात एक. काका म्हणाले, "मग किल्ला बघायचाच नाही?" मी एल्ट्झचा फोटो दाखवला. साडेआठशे वर्षं एकाच घराण्याकडे असलेला, जुन्या ५०० मार्कांच्या नोटेवर छापलेला, मोझेलपासून जरा आत दरीत लपलेला. मोझेलकेर्न स्टेशनवरून रानातून चालत दीड तास. काकूंसाठी टॅक्सी आणि पुढे वाहनतळापासून छोटी बस. आतले जिने त्यांना चुकणार नाहीत, हे काकूंच्या देखतच सांगितलं. "मी अंगणात बसेन," त्या म्हणाल्या, "तुम्ही बघून या." काकांनी नॉयश्वानस्टाइन सोडलं. कोलोन सोडलं नाही. कोब्लेंझहून जाऊन येण्याजोगं आहे, म्हणून 'हवा चांगली असेल तर' या रकान्यात टाकलं.

रात्री ९:३०

शेवटचं तिकिटांचं. महिन्याचं जर्मनी-तिकीट यंदा ६३ युरोंना आहे. साध्या गाड्या, लोकल, बस सगळं त्यात, जलद आयसीई आणि नदीवरचं जहाज नाही. ते वर्गणीसारखं असतं, दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. सप्टेंबरपुरतंच हवं असेल तर १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं, म्हणजे आमची मंडळी विमानात बसायच्याही आधी. रद्द केल्यावरही महिनाअखेरपर्यंत ते चालतं, यावर जावईबापूंचा विश्वास बसेना. त्यांना नियमाचं पान पाठवलं, आणि १० सप्टेंबरच्या चार दिवस आधीचा गजर सगळ्यांच्या वतीने माझ्याच फोनवर लावला.