मुक्या यंत्राची हजेरी

श्रोतेहो, बारामती-इंदापूरकडे दुधाचा धंदा मोठा. दूध 4 अंश सेल्सिअसला थंड ठेवणारी टाकी मध्यरात्री बंद पडली, तर सकाळी हाती नासलेले दूध! टाकीवरचे जुने यंत्र घंटा वाजवते खरे. पण ती ऐकायला तिथे असतो कोण?

म्हणून यंत्र टाकून द्यायला नको. पुष्कळ जुन्या यंत्रांना ‘सीरियल’ तारेची जोडणी असते. अरुंद पुलावरून गाड्या एकामागून एक जाव्यात, तशी तिच्यातून माहिती जाते. यातली आरएस-485 ही पद्धत 1983 सालची. तार सुमारे 1,200 मीटरपर्यंत नेता येते. तारेच्या टोकाला छोटी रूपांतरक पेटी लावली, की दूरचा संगणक जाळ्यावरून दर मिनिटाला विचारतो, ‘तापमान किती?’ पारा चढला, की मोबाइलवर निरोप येतो.

पण तार तुटली किंवा वीज गेली तर? गुरुजी हजेरी घेतात, तेव्हा ‘हजर’ ऐकू आले नाही, तर मूल वर्गात आहे असे धरत नाहीत. तसेच इथे. उत्तर आले नाही, तरी संगणकाने हाक दिलीच पाहिजे. मंडळी, यंत्र गप्प आहे म्हणजे सारे ठीक आहे, असे समजू नका!