जुनी झूम लेन्स : हातात मावणारी प्रयोगशाळा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या अनेक घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी एक फिल्मचा कॅमेरा पडून असतो. त्याच्यासोबत कधी कधी एक लांबट, जड लेन्सही सापडते. तिच्यावर ‘८०-२००’ आणि ‘१:४’ असे आकडे कोरलेले असतात. फिल्मचा जमाना सरला, मग ही लेन्स भंगारात द्यावी का? आमच्या मते मुळीच देऊ नये. दहावीच्या पुस्तकातील भिंगांचा धडा हाताने फिरवून पाहता येईल असे इतके चांगले साधन शाळेत सहसा नसते.

आधी आकड्यांचा अर्थ पाहू. ८०-२०० म्हणजे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये. ते ८० पासून २०० पर्यंत बदलता येते. १:४ म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश. २०० मिलिमीटरला हा व्यास ५० मिलिमीटर होतो, म्हणूनच लेन्सचे तोंड एवढे रुंद असते. छिद्र लहान करण्याच्या कड्यावर ४, ५.६, ८, ११, १६ असे विचित्र आकडे दिसतात. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. व्यास सुमारे १.४ पट कमी केला की क्षेत्रफळ निम्मे होते आणि प्रकाशही निम्मा होतो. म्हणजे कड्याची प्रत्येक पायरी प्रकाश अर्धा करते.

एकाच भिंगाचे नाभीय अंतर बदलत नाही, मग झूम लेन्समध्ये ते कसे बदलते? दोन भिंगे काही अंतरावर ठेवली, तर जोडीचे नाभीय अंतर त्या दोघांमधील अंतरावरही अवलंबून असते. झूम लेन्सची नळी पुढेमागे सरकवली की आतील भिंगांचे गट एकमेकांजवळ येतात किंवा दूर जातात. मात्र एवढ्याने प्रतिमेची जागाही सरकेल. ती सरकू नये म्हणून आणखी एक गट, बहुधा नळीत कापलेल्या वक्र खाचेच्या आधाराने, नेमका तेवढाच हलवला जातो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स १९५९ साली फोइग्टलेंडर या जर्मन कंपनीने आणली. ३६ ते ८२ मिलिमीटरच्या त्या लेन्सचे नाव ‘झूमर’ असे होते.

हे वर्गात सहज दाखवता येते. लेन्स कॅमेऱ्यापासून सुटी करा, छिद्र पूर्ण उघडा आणि अंतराचे कडे ‘अनंत’ या खुणेवर आणा. खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवा. लेन्सचे तोंड खिडकीकडे करून मागच्या कड्यापासून सुमारे साडेचार सेंटिमीटरवर पांढरा कागद धरा. समोरची इमारत कागदावर उलटी उमटेल. आता कागद न हलवता झूम करा. प्रतिमा मोठी होईल, पण स्पष्टच राहील. एखाद्या खिडकीची प्रतिमा ८० ला आणि २०० ला मोजा. गुणोत्तर अडीचच्या जवळ यायला हवे. मात्र लेन्स सूर्याकडे कधीही रोखू नये, तिच्यातून सूर्याकडे पाहू तर मुळीच नये. डोळा कायमचा जाऊ शकतो, कागद पेटू शकतो.

हीच लेन्स आजच्या कॅमेऱ्याला लावता येते का? बहुतेक वेळा येते. जुन्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असे, त्यामुळे लेन्सचे बूड फिल्मपासून बरेच दूर असायचे. एम४२ या स्क्रूच्या जोडणीत हे अंतर ४५.४६ मिलिमीटर होते. आरसा नसलेल्या आजच्या कॅमेऱ्यांत ते खूप कमी असते. सोनीच्या ई जोडणीत ते १८ मिलिमीटर आहे. उरलेले २७.४६ मिलिमीटर एका पोकळ कड्याने भरून काढले की काम झाले, त्या कड्यात काच लागत नाही. उलट निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात हे अंतर ४६.५ मिलिमीटर, म्हणजे एम४२ पेक्षा जास्त आहे. तिथे नुसत्या कड्याने दूरची वस्तू कधीच स्पष्ट होणार नाही. कडे विकत घेण्यापूर्वी ही एक वजाबाकी करावी, पैसे वाचतात.

आता खाडीवर जाऊ. थंडीत ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. २०१५ साली या भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत गेली. समजा, एक लहान रोहित ९० सेंटिमीटर उंच आहे आणि आपल्यापासून १०० मीटरवर उभा आहे. दूरच्या वस्तूसाठी प्रतिमेची उंची म्हणजे वस्तूची उंची गुणिले नाभीय अंतर भागिले वस्तूचे अंतर. ९०० × २०० ÷ १,००,००० = १.८ मिलिमीटर. आकाशातला पूर्ण चंद्रही याच लेन्समध्ये जवळजवळ एवढाच उमटतो, कारण दोघेही आपल्या डोळ्याशी सुमारे अर्ध्या अंशाचा कोन करतात. २४ मिलिमीटर उंचीच्या चौकटीत १.८ म्हणजे तेराव्या हिश्शाइतका पक्षी. म्हणून या लेन्सने एकटा पक्षी टिपण्याचा हट्ट धरू नये. थवा, चिखल आणि पलीकडच्या इमारती असे एकत्र चित्र घ्यावे.

फोकस हातानेच करावा लागतो. आधी २०० ला जाऊन प्रतिमा स्पष्ट करावी, मग हवी तेवढी चौकट मोठी करावी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर प्रतिमा मोठी करून पाहिल्यास चूक लगेच कळते. १० मीटरवरच्या वस्तूसाठी २०० मिलिमीटर आणि एफ/४ ला स्पष्टतेची खोली जेमतेम ६० सेंटिमीटर असते, एफ/८ ला ती दुप्पट होते. जुन्या लेन्स एक-दोन पायऱ्या बंद केल्यावर अधिक नेटके चित्र देतात, हाही फायदाच. हात हलण्याचा दोष टाळण्यासाठी १/५०० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ ठेवावा. उडत्या पक्ष्यामागे धावण्यापेक्षा तो कुठे येणार हे ओळखून तिथे आधीच फोकस करून थांबावे. दुपारी तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते, त्यावर कोणत्याच लेन्सपाशी उपाय नाही. सकाळीच जावे.

एक सावधगिरी आम्ही चुकून शिकलो. आमची लेन्स एका पावसाळ्यात तिच्या चामडी पेटीतच राहिली. दिवाळीत काढून पाहिली, तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली! चामडे ओल धरून ठेवते आणि बुरशी काचेवरचा लेपही खाते. तेव्हापासून लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवतो. जुनी लेन्स विकत घेताना मागून टॉर्चचा प्रकाश टाकून आत पाहावे, आणि छिद्राची पाती सहज उघडमीट करतात ना, हेही तपासावे.

नव्या कॅमेऱ्यात हे सारे आपोआप होते आणि चित्रही बहुधा अधिक चांगले येते. पण का आले, हे कळत नाही. आणखी एक गोष्ट खाडीवर पुन्हा पुन्हा दिसते. मोबाइलमध्ये पक्षी मोठा दिसावा म्हणून लोक चिखलात पुढे सरकतात, थवा उडतो आणि दूरवरून येऊन खाण्यासाठी उतरलेल्या पक्ष्यांची शक्ती वाया जाते. ज्या विद्यार्थ्याने १.८ मिलिमीटरचे गणित स्वतः केले आहे, त्याला चार पावले पुढे गेल्याने प्रतिमा किती वाढेल हे ठाऊक असते. १०० मीटरचे ९७ झाले, तर वाढ केवळ तीन टक्के! तो काठावरच थांबतो. तेव्हा सहलीला निघण्यापूर्वी हे गणित फळ्यावर जरूर सोडवून घ्यावे.