व्यवस्थापकीय संचालक, शासकीय महामंडळांतील

राज्य शासनाच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालील कंपनीचा अथवा महामंडळाचा दैनंदिन कारभार पाहणारा सर्वोच्च कार्यकारी अधिकारी. या पदाची संज्ञा सर्वत्र एकच नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळात त्यास मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणतात, तर महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आणि शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) यांत उपाध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक असे म्हणतात. कार्याचे स्वरूप मात्र सारखेच असते : शासनाने सोपविलेले सार्वजनिक कार्य व्यापारी पद्धतीने पार पाडणे.

अशा संस्थांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या व किमान ५१ टक्के भाग शासनाकडे असलेल्या कंपन्या येतात. सिडको (१९७०) ही अशी कंपनी होय. दुसऱ्या प्रकारातील महामंडळे स्वतंत्र कायद्याने निर्माण होतात. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाखालील परिवहन महामंडळ आणि १९६१ च्या राज्य अधिनियमान्वये १९६२ मध्ये स्थापन झालेले औद्योगिक विकास महामंडळ ही त्यांची उदाहरणे होत.

व्यवस्थापकीय संचालकाची नेमणूक राज्य शासन करते. तो बहुधा भारतीय प्रशासन सेवेतील ज्येष्ठ अधिकारी असतो. सचिव व व्यवस्थापकीय संचालक ही दोन्ही पदे एकाच सेवेतील व्यक्तींकडे येत असली, तरी त्यांत मूलभूत फरक आहे. सचिव मंत्र्यास धोरणविषयक सल्ला देतो आणि त्याच्या विभागाचा खर्च विधिमंडळाने मंजूर केलेल्या अनुदानातून भागतो. व्यवस्थापकीय संचालकास भाडे, भूखंडांचे अधिमूल्य, सेवाशुल्क यांसारख्या स्वतःच्या उत्पन्नातून वेतन, कर्ज व व्याज यांची तरतूद करावी लागते. निविदा, खरेदी, कामगार संघटनांशी वाटाघाटी, भांडवली योजना आणि वार्षिक ताळेबंद ही त्याची नित्याची कामे होत. संचालक मंडळापुढे तो प्रस्ताव ठेवतो व मंडळाचे निर्णय अंमलात आणतो. शासकीय कंपन्यांचे लेखापरीक्षक भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात; परिवहन महामंडळाचे लेखापरीक्षण ते स्वतःच करतात. त्यांच्या अहवालांची छाननी विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती करते व साक्षीसाठी या अधिकाऱ्यास पाचारण करते.

स्वायत्तता आणि शासकीय नियंत्रण यांचा मेळ घालणे हा या पदापुढील सर्वांत कठीण प्रश्न होय. मुंबई प्रांतात सेवा केलेले सनदी अधिकारी ए. डी. गोरवाला यांनी १९५१ मध्ये नियोजन आयोगास सादर केलेल्या अहवालात राज्यसंस्थेच्या उद्योगांचा कारभार कार्यक्षमतेने कसा चालावा, याची चर्चा केली. पुढे आयुर्विमा महामंडळाने जून १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित कंपन्यांचे सु. सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. त्या व्यवहाराची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छगला यांनी केली आणि १९५८ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. छगला यांनी काही तत्त्वे सांगितली : शासनाने स्वायत्त महामंडळाच्या कारभारात हस्तक्षेप करू नये, करावयाचाच झाल्यास लेखी निदेश द्यावेत, आणि सनदी सेवेतून आलेल्या अधिकाऱ्याने आपली निष्ठा महामंडळाशी आहे हे जाणून शासनातील वरिष्ठांच्या दडपणाखाली येऊ नये. हे प्रकरण केंद्रीय महामंडळाचे असले, तरी ही तत्त्वे राज्यांच्या महामंडळांसही तितकीच लागू पडतात. तोंडी सूचनेचा अभिलेख राहत नाही. परिणामांची जबाबदारी मात्र सही करणाऱ्या अधिकाऱ्यावर येते.

व्यापारी तत्त्व व लोककल्याण यांतील ताण मार्ग परिवहन महामंडळात स्पष्ट दिसतो. महामंडळाने व्यापारी तत्त्वांनुसार काम करावे, असे १९५० च्या अधिनियमात म्हटले आहे. त्याच अधिनियमाने राज्य शासनास निदेश देण्याचा अधिकारही दिला आहे. तोट्यातील ग्रामीण फेऱ्या आणि प्रवासभाड्यातील सवलती यांमुळे होणारी तूट शासनाच्या प्रतिपूर्तीवर अवलंबून राहते. २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास आणि २०२३ मध्ये महिलांना निम्मे भाडे या सवलतींची त्यांत भर पडली. महामंडळ शासनात विलीन करावे, या मागणीसाठी २०२१–२२ मध्ये कर्मचाऱ्यांनी प्रदीर्घ संप केला. त्रिसदस्य समितीने विलीनीकरणाच्या विरुद्ध मत दिले व ते शासनाने स्वीकारले. म्हणजे वेतनाची हमी शासनाकडे मागावी की महामंडळाच्या उत्पन्नाकडे, हा या पदाशी निगडित असलेला प्रश्नच त्या संपाच्या मुळाशी होता.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने १९९३ मध्ये दाभोळ वीज कंपनीशी केलेला करार हे दुसरे उदाहरण. वीज महाग पडल्याने मंडळ आर्थिक संकटात सापडले आणि २००१ मध्ये खरेदी थांबली. या मंडळाचे पूर्वी अध्यक्ष असलेले माधव गोडबोले यांच्या समितीने त्याच वर्षी केंद्र व राज्य अशा दोन्ही स्तरांवरील, तसेच विविध यंत्रणांतील कारभाराच्या अपयशाकडे लक्ष वेधले. २००५ मध्ये या मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या आणि एक सूत्रधारी कंपनी अस्तित्वात आली.

पद तेच असले, तरी हाती असलेल्या साधनांनुसार त्याचे सामर्थ्य बदलते. सिडकोचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तिचे आरंभीचे व्यवस्थापकीय संचालक जे. बी. डिसोझा हे प्रशासन सेवेतील होते. चार्ल्स कोरिया व शिरीष पटेल यांसारखे तज्ञ त्यांच्यासमवेत होते. नव्या मुंबईसाठी ९५ गावांची जमीन संपादन करून विकसित भूखंडांच्या विक्रीतून रस्ते, पाणी व रेल्वे यांचा खर्च भागवावा, अशी योजना होती. जमीन हेच तेथे भांडवल होते. परंतु त्या भांडवलाची किंमत शेतकऱ्यांनी मोजली. जानेवारी १९८४ मधील आंदोलनात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील पाच शेतकरी गोळीबारात मृत्युमुखी पडले व पुढे प्रकल्पग्रस्तांना १२.५ टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली.

वसई–विरार उपप्रदेशासाठी १९९० मध्ये सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले, तेव्हा परिस्थिती निराळी होती. येथे जमीन खाजगी मालकीची होती. सिडकोकडे मुख्यतः विकास योजना तयार करणे व बांधकामांना परवानगी देणे एवढेच अधिकार होते. भूखंड विकून नागरी सोयी उभारण्याचा मार्ग नव्हता. वसई रोड स्थानकाच्या पूर्वेकडील गोखिवरे, वालीव, सातिवली या गावांत खाजगी विकासकांनी औद्योगिक गाळे व चाळी उभारल्या. रस्ते, पाणी व कचरा यांच्या सोयी मात्र मागाहून आल्या. पश्चिमेकडील बागायती पट्ट्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. विकास योजनेस शासनाची मंजुरी २००७ मध्ये मिळाली; तोवर बरीचशी वस्ती वाढून गेली होती. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका व भोवतालची गावे मिळून वसई–विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि पुढील वर्षी नियोजनाचे अधिकार तिच्याकडे आले. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. गोखिवऱ्यातील भोयदापाडा येथे शहराची कचराभूमी आहे.

या पदावर प्रशासकीय अधिकारी असावा की उद्योगक्षेत्रातील तज्ञ, याबाबत मतभेद आहेत. प्रशासकास शासनयंत्रणेची माहिती व समन्वयाचा अनुभव असतो; परंतु वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे दीर्घ मुदतीच्या प्रकल्पांत सातत्य राहत नाही. केंद्र शासनाने १९५७ मध्ये सार्वजनिक उद्योगांसाठी औद्योगिक व्यवस्थापन सेवागट स्थापन केला होता, परंतु तो प्रयोग मूळ धरू शकला नाही. निश्चित कार्यकाल, लेखी निदेश, सामाजिक दायित्वाच्या खर्चाची वेळेवर भरपाई आणि कार्याला अनुरूप अधिकार या चार गोष्टी असल्यास नेमणूक कोणत्याही क्षेत्रातून झाली, तरी पदाचा हेतू सफल होऊ शकतो. त्या नसल्यास व्यवस्थापकीय संचालकाकडे उत्तरदायित्व तेवढे उरते.