मघाशी की मागाहून?

इंडोनेशियन भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही. 'कापान दातांग?' म्हणजे 'केव्हा आलात?' आणि 'केव्हा येणार?' हेही. म्हणून बोलताना प्रश्नाच्या आरंभीच कालवाचक शब्द योजतात. 'तादी जाम बरापा दातांग?' म्हणजे मघाशी किती वाजता आलात? 'तादी'च्या जागी 'नान्ती' घातले की प्रश्न पुढच्या येण्याचा होतो. मात्र 'जाम बरापा' उलटून 'बरापा जाम' म्हटले, तर अर्थ होतो 'किती तास'. स्थानकावर गाडीच चुकावयाची! आपल्या संस्कृत 'घटिके'चा वंशज 'कतिका' तेथे नांदतो खरा, परंतु 'जेव्हा' या अर्थी. प्रश्नात तो चालत नाही. आणि यजमानीणबाईंनी 'सुदाह माकान?', म्हणजे 'जेवलात का?', असे विचारल्यास उपाशी पाहुण्याने 'तिदाक', नाही, असे म्हणू नये. 'बलुम', अजून नाही, असे म्हणावे.