कारवान, पश्मी, मुधोळ : एका शिकारी श्वानजातीच्या नावांची साक्ष

उत्तर कर्नाटकात व त्याला लागून असलेल्या महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत उंच, कृश आणि अतिशय वेगवान असा एक शिकारी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जात आहे. महाराष्ट्रात, विशेषतः लातूरकडे, त्यास कारवान अथवा कारवानी म्हणतात. कान, पाय व शेपटी यांवर लांब मऊ केस असल्यास तोच पश्मी ठरतो; आणि घटप्रभेकाठच्या जुन्या संस्थानावरून त्यास मुधोळ कुत्रा असेही नाव पडले आहे. हा कुत्रा इराण, अरबस्तान वा अफगाणिस्तान येथून व्यापारी तांड्यांबरोबर अथवा सैन्याबरोबर दख्खनेत आला, असे सांगण्याचा प्रघात आहे. या मतास शरीरसाम्याचा आधार दिला जातो, आणि त्याच्या जोडीला नावांचाही. नावांची ही साक्ष कितपत ग्राह्य मानावी, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने तपासून पाहण्याजोगा आहे.

शरीरसाम्य नाकारता येत नाही. नराची खांद्यापर्यंतची उंची सुमारे ६८ ते ७२ सेंटिमीटर, मादीची त्याहून थोडी कमी. डोके लांबट व निमुळते, डोळे मोठे, कान कवटीलगत लोंबणारे, मान लांब, छाती खोल, पोट आत ओढलेले. वासाचा माग काढीत जाण्याची या कुत्र्याची रीत नव्हे. मोकळ्या माळावर तो नजरेने सावज टिपतो आणि धावूनच त्याला गाठतो. अशा कामासाठी जोपासलेल्या जाती जगात जेथे जेथे आहेत, तेथे तेथे त्यांची घडण बरीचशी अशीच झाली आहे. म्हणजे साम्यामागे रक्ताचे नाते असू शकेल, तसे केवळ कामाचे साधर्म्यही असू शकेल. स्वभावाने हा कुत्रा अलिप्त आहे. धन्याशी तो एकनिष्ठ असतो; परंतु परक्या माणसाने अंगाला हात लावलेला त्यास खपत नाही. लाडीगोडीची अपेक्षा ठेवून त्यास पाळणाऱ्याची निराशाच व्हावयाची.

आता नावांकडे वळू. ‘कारवान’ हा फार्सी शब्द असून त्याचा अर्थ प्रवाशांचा वा व्यापाऱ्यांचा तांडा. ‘पश्म’ म्हणजे लोकर; पश्मिना हा शब्द त्याच कुळातला. दोन्ही शब्द फार्सी, म्हणून कुत्राही फार्सी मुलखातला, असे अनुमान सहज निघते. पण ते टिकणारे नाही. बहामनी राजवट १३४७ साली स्थापन झाल्यापासून पुढील काही शतके फार्सी ही दख्खनच्या दरबाराची भाषा होती, आणि मराठीने तिच्याकडून जमीन, महसूल, पोशाख, हत्यारे यांचे असंख्य शब्द घेतले. ‘जमीन’ हा शब्द फार्सी आहे म्हणून दख्खनची माती इराणातून आली असे कोणी म्हणत नाही. कुत्र्यालाच तेवढा वेगळा न्याय का लावावा? ‘कारवान’ या नावावरून फार तर एवढेच निघते की, नाव देणाऱ्यांनी हा कुत्रा फिरत्या तांड्यांबरोबर पाहिला होता. ते तांडे कोठून आले, हे त्या नावात नाही.

‘ताजी’ या शब्दाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. फार्सीत त्याचा मूळ अर्थ अरबी असा आहे, व तो घोड्यास आणि वेगवान शिकारी कुत्र्यास, दोघांसही लावला जातो. मराठीत ‘ताजी’ म्हणजे उत्तम जातीचा घोडा. घोड्याबरोबर त्याचे परदेशी नाव येथे आले, रुजले. हा कुत्राही तसाच आणलेला असता, तर त्याचे प्रस्थापित नावही सोबत आले असते असे मानण्यास जागा आहे. हा पुरावा निर्णायक नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. पण रूढ मताच्या तो विरुद्ध जातो.

शिवाय श्वानमृगया ही दख्खनेत फार्सीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमरकोशात शिकारीत निपुण अशा कुत्र्यासाठी ‘विश्वकद्रु’ हा स्वतंत्र शब्द दिला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये सारमेयविनोद गणला आहे. सर्वांत हृद्य पुरावा आतकूरच्या शिलालेखाचा. इ. स. ९४९ च्या सुमाराचा हा कन्नड लेख गंग राजा बूतुग याचा अनुचर मणलेर याच्या ‘काळी’ नावाच्या श्वानाचे स्मारक आहे. रानडुकराशी झुंजताना ते श्वान मेले. काळी ही आजच्या मुधोळ कुत्र्याची पूर्वज होती असे यावरून म्हणता येणार नाही. परंतु शिकारी कुत्रा ठाऊक नसलेल्या प्रदेशात तो बाहेरून आणावा लागला, ही कल्पना मात्र सोडून द्यावी लागते.

‘मुधोळ’ हे नाव या तिहींत अगदी अलीकडचे. गावाचे जुने कन्नड नाव मुदुवोळल. कवी रन्न तेथलाच. मराठे घोरपडे घराण्याचे तेथे संस्थान होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजे मालोजीराव घोरपडे यांनी परिसरातील शिकारी जमातींकडील कुत्रे जमवून त्यांची निगुतीने पैदास केली, व पुढे एक जोडी बादशहा पाचवा जॉर्ज यास नजर केली, असे सांगितले जाते. जमातींनी राखलेल्या कुत्र्याला संस्थानाचे नाव मिळाले आणि त्या जमाती नावातून वगळल्या गेल्या. नामकरणाच्या इतिहासात हे नेहमीच घडते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, नाव राहिले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने काढलेल्या श्वानांच्या तिकिटांवर तेच छापले गेले.

या नामभेदाचा परिणाम केवळ कोशापुरता नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद ‘कारवान हाउंड’ म्हणून करते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. एकाच जातीची वंशावळ अशी दोन वह्यांत विभागली आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनेही ‘मुधोळ’ हेच नाव स्वीकारले आहे. पश्मीची अडचण निराळी. सलुकी जातीत आखूड केसांचे व झालरीदार असे दोन्ही प्रकार एकाच जातीत धरले जातात. येथे मात्र केसांवरून पडलेले नाव वेगळ्या जातीचे समजले जाण्याचा धोका आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी शिकार संपली, आणि आता हा कुत्रा बहुधा शेताची व वस्तीची राखण करतो. काम गेल्यावर जातीची ओळख वेगावरून पटत नाही, कागदावरील नावावरून पटते. म्हणूनच त्या नावाखाली कोणते कुत्रे मोजावयाचे आणि कोणते गाळावयाचे, हे पैदास करणाऱ्यांनी आधी ठरविणे निकडीचे झाले आहे.