हलकी रायफल कोणासाठी?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं आणि नेमबाजी शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या वाढली. मी मुलांना दहा मीटर एअर रायफल शिकवतो. मुलाला पहिल्या दिवशी रेंजवर सोडायला आलेले आईवडील हमखास एक प्रश्न विचारतात : "सर, रायफल कोणती घ्यायची? हलकी की जड?" या प्रश्नात दोन लाखांहून अधिक रुपये आणि वाढत्या वयातल्या मुलाची पाठ, दोन्ही गुंतलेलं असतं. म्हणून आज त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी स्पर्धा काय असते ते पाहू. दहा मीटरवर लावलेलं लक्ष्य जेमतेम साडेचार सेंटिमीटर व्यासाचं असतं. त्यातला दहा गुणांचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटर. छर्रा असतो साडेचार मिलिमीटरचा. खेळाडूने उभं राहून, पाऊण तास अधिक अर्धा तास म्हणजे ७५ मिनिटांत, ६० छर्रे मारायचे. पूर्वी मुलींना ४० असत, २०१८पासून त्यांनाही ६० झाले. रायफलचं वजन साडेपाच किलोच्या वर जाता कामा नये, एवढाच नियम आहे. किमान वजनाची अट नाही. म्हणजे हलकी रायफल वापरायला कोणतीच आडकाठी नाही. तरीही मोठे खेळाडू साडेपाच किलोच्या जवळपास का जातात?

कारण सोपं आहे. रिकामी कळशी डोक्यावर घेऊन चाललात तर ती जास्त हलते, भरलेली कमी हलते. छातीतल्या ठोक्याचा, श्वासाचा, बोटाने चाप ओढण्याचा धक्का जड वस्तूला कमी जाणवतो. छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल स्थिर राहायला हवी, आणि तिथे वजन मदत करतं. पण ही मदत कधी मिळते? ते वजन स्नायूंनी नव्हे, हाडांनी पेललं तर. उभं राहून नेम धरताना उजव्या हाताचा नेमबाज डावं कोपर कमरेच्या हाडावर किंवा फासळ्यांवर टेकवतो, पाठ किंचित मागे झुकवतो आणि रायफलचा भार हाडांच्या सांगाड्यातून पायांकडे सोडून देतो. दंड आणि खांदा जवळजवळ सैल असतात. ज्याला हे जमतं त्याला वजन जाणवत नाही. बारा वर्षांच्या मुलाचे हात पुरेसे लांब नसतात, कोपर कमरेपर्यंत पोचत नाही, मग तो रायफल दंडाच्या ताकदीने धरतो. दहा मिनिटांत दंड थरथरू लागतो आणि वजनाचा फायदा होता तो संपतो.

यात एक साधा हिशेब आहे. सरावात मूल शंभर वेळा रायफल उचलतं असं धरा. पाच किलोची रायफल असेल तर दिवसाला पाचशे किलो उचललं जातं, साडेतीन किलोची असेल तर साडेतीनशे. हा दीडशे किलोचा फरक आठवड्यातून पाच दिवस एका वळवलेल्या, मागे झुकलेल्या पाठीवर येतो. पाठ दुखतेय असं मूल म्हणालं तर ते नाटक करत नाही, हे पालकांनी समजून घ्यावं. अशी तक्रार आली की मी आधी रायफल बदलतो, आणि दुखणं थांबलं नाही तर डॉक्टरकडे पाठवतो.

आता हलकी म्हणजे नेमकी किती? माझ्या अनुभवात, दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी साडेतीन ते चार किलोची, आखूड दस्त्याची रायफल चांगली पडते. पण काट्यावरचं वजन पुरेसं नाही. तेच वजन नळीच्या टोकाकडे गेलं की रायफल जड वाटते, हाताजवळ आलं की हलकी. म्हणून विकत घेण्याआधी रायफल दोन बोटांवर तोलून पाहा. तोल डाव्या हाताच्या आधाराजवळ पडला तर बरं. नळीच्या पुढे फार गेला असेल तर ती लहान हातांना नकोच. ॲल्युमिनियमचा दस्ता लाकडापेक्षा हलकाच असतो असंही नाही, तेव्हा जाहिरातीपेक्षा हातावर विश्वास ठेवा.

आणखी तीन गोष्टी पाहा. पहिली, दस्त्याची लांबी आणि गाल टेकवायच्या पट्टीची उंची कमीजास्त करता येते का? मान ताठ ठेवून डोळा सहज साईटसमोर आला पाहिजे. मूल दोन वर्षांत वीतभर वाढतं, रायफलनेही त्याच्याबरोबर वाढावं. दुसरी, जादा वजनं लावायची सोय आहे का? हलक्या रायफलला वजन चढवता येतं, जड रायफलचं वजन उतरवणं कठीण. मूल मोठं झालं की शंभर-शंभर ग्रॅमने वाढवत न्या. तिसरी, हवेची टाकी. या रायफलींत हवा साधारण दोनशे बारच्या दाबाने भरलेली असते. मोटारीच्या टायरमध्ये असते त्याच्या जवळजवळ शंभरपट. टाकीवर तिच्या वापराची मुदत कोरलेली असते. जुनी रायफल स्वस्तात मिळाली तरी मुदत संपलेली टाकी वापरू नका. नवी टाकी बसवण्याचा खर्च किमतीत धरूनच सौदा करा.

एका वडिलांनी कर्ज काढून मुलीसाठी थेट मोठ्यांची रायफल आणली होती. मुलगी तेरा वर्षांची. पहिले वीस छर्रे सुरेख पडायचे, पुढचे हळूहळू खाली घसरायचे. तिला आठ महिने क्लबची हलकी रायफल दिली. घसरण थांबली. वडिलांची रायफल कपाटात होतीच, ती दोन वर्षांनी उपयोगी पडली. पण तोवर कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले.

म्हणूनच माझा सल्ला असा की, पहिलं वर्ष काही विकत घेऊ नका. क्लबची रायफल वापरा. मग नेमबाजीचं जाकीट अंगात घालून, कारण त्याने शरीराची ठेवण बदलते, दोन-तीन वेगवेगळ्या रायफलींवर सलग तीस-तीस छर्रे मारून पाहा. पहिल्या दहांकडे लक्ष देऊ नका, शेवटचे दहा पाहा. जिच्या शेवटच्या दहा छर्‍यांचा घोळका सगळ्यात लहान, ती रायफल तुमच्या मुलाची. मग ती जर्मन असो, ऑस्ट्रियन असो, की जुनी वापरलेली. साडेचार मिलिमीटरच्या, ठरावीक ताकदीच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पण ताकद आणि कागदपत्रं यांची क्लबमध्ये चौकशी करूनच पैसे द्या.

तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा ती तिशीच्या उंबरठ्यावर होती. या खेळात वीस-वीस वर्षं टिकता येतं. त्यासाठी बाराव्या वर्षी पाठ सांभाळायला हवी. येत्या रविवारी क्लबमध्ये जाल तेव्हा रायफल हातात घेण्याआधी आधी मुलाला नुसतं उभं करा आणि कोपर कमरेला टेकतं का, ते बघा.